अभ्यासक्रमातला समुद्र

“आपल्या विद्यापीठापासून समुद्र किती लांब आहे हो, लोमटे?”

प्राचार्य नळगीरकरांनी हे दारातूनच विचारलं. जुलै महिना होता, दुपारची वेळ होती आणि मी भूगोल विभागात मुलांची जर्नलं तपासत बसलो होतो. भूगोलाच्या माणसाला अंतर विचारलं की तो फुलतो. मी ताठ होऊन म्हणालो, “सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, सर. रस्त्याने पाचशेच्या पुढं.”

“छान. मग आपल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी तिथं प्रात्यक्षिकाला कसं जायचं? मधल्या सुट्टीत?”

असं म्हणून त्यांनी नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. छापखान्यातून येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. पान तेवीस, प्रात्यक्षिक भूगोल, घटक पाच. त्यांनी लाल शाईने गोल केला होता. मी वाचलं: ‘समुद्रकिनाऱ्यावरील भूरूपांचे निरीक्षण व भरती-ओहोटीच्या प्रत्यक्ष नोंदी. अनिवार्य. गुण वीस.’

ते वाक्य तिथं असायला नको होतं. त्याच्या जागी नदी असायला हवी होती.

“शनिवारी आपल्या अभ्यास मंडळाची बैठक आहे,” नळगीरकर म्हणाले. “तिथं खुलासा करा. आणि हो, तुमचा परिविक्षाकाळ नोव्हेंबरात संपतो ना? कायम करायच्या समितीत मी आहे. आठवण असू द्या.” आणि ते जिना उतरून गेले. माणूस वाईट नव्हता. पण कुणाचीही चूक सापडली की त्यांना त्या रात्री शांत झोप लागायची.

हे झालं कसं, ते सांगायला हवं. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. आमच्या मराठवाड्यातल्या त्या विद्यापीठात तेव्हा अभ्यासक्रम-सुधारणेची धामधूम चालली होती. भूगोलाच्या अभ्यास मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. धारूरकर, माझे गुरू, आणि मसुदा करायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं होतं. अभ्यासक्रम सुधारणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं गहन नसतं. तीन विद्यापीठांचे अभ्यासक्रम समोर ठेवायचे आणि त्यांतून चौथा काढायचा. मीही तेच केलं. कात्रीने परिच्छेद कापले, कोऱ्या कागदावर चिकटवले, मध्ये मध्ये हाताने लिहिलं. प्रात्यक्षिकाचं पान मी किनाऱ्याजवळच्या एका विद्यापीठाचं जसंच्या तसं उचललं, कारण ते खरोखर उत्तम होतं. फक्त घटक पाचच्या त्या ओळीवर एक चिठ्ठी चिकटवली: ‘नदीपात्रातील भूरूपांचे निरीक्षण व पाणीपातळीच्या नोंदी.’ नदी आम्हाला परवडत होती. ती आठ महिने कोरडी असली तरी जवळ होती.

विभागातली डिंकाची बाटली वाळून खडा झाली होती, म्हणून मी घरून डिंक आणला. आईने लाडवांसाठी ठेवलेला बाभळीचा डिंक होता तो. कोमट पाण्यात भिजवला आणि डबीत भरून नेला. आई म्हणाली होती, “पोरांच्या अभ्यासाला लावतोस तर ने, पण लाडू कमी झाले तर कुरकुर करायची नाही.” हे मी धारूरकर सरांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले होते.

मसुदा सरांनी दोन दिवस घरी नेला, मग तो टंकलेखनासाठी मोमीनभाईंकडे गेला. मोमीनभाईंनी टंकलेखन केलं, मंडळाने तो मंजूर केला. मंजूर केला म्हणजे वाचला असं नव्हे. बैठकीत चहा आला, खारी आली, संदर्भग्रंथांच्या यादीत कुणाचं पुस्तक राहिलं त्यावरून पाऊण तास भांडण झालं, आणि बाकीचं एकमताने संमत झालं. मुद्रितं मीच तपासली, पण तीही ग्रंथांचीच यादी, चारचारदा. एखाद्या प्राध्यापकाच्या नावातली वेलांटी चुकली तर तो जन्मभर विसरत नाही. समुद्राकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

नळगीरकर गेल्यावर मी तडक मोमीनभाईंच्या खोलीत गेलो.

“मोमीनभाई, पान तेवीसवर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. कुठं गेली?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कुठली चिठ्ठी, सर?”

“नदीची. समुद्रावर लावलेली.”

“सर, माझ्याकडे कागद आला तेव्हा त्यावर समुद्रच होता. मी तर मनात म्हटलं, या वर्षी साहेब लोक मोठा विचार करायला लागले.”

“चिठ्ठी पडली असेल तुमच्या टेबलावर. पंख्यानं उडाली असेल.”

“माझा पंखा मार्चपासून बंद आहे,” मोमीनभाई शांतपणे म्हणाले. “अर्ज दिलाय.”

मला त्या शांतपणाचाच राग आला. दुसऱ्या कुणाला दोष देता येत नसला की माणूस टंकलेखकाला देतो. मी दार आपटून बाहेर पडलो, आणि पुढचे पाच महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

धारूरकर सरांचं घर विद्यापीठाच्या वसाहतीत होतं. सर गॅलरीत आरामखुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांची निवृत्ती मार्चमध्ये होती. एकतीस वर्षं त्यांनी शिकवलं होतं, आणि आमच्या भागात शाळा-कॉलेजांतला भूगोलाचा अर्धा शिक्षकवर्ग त्यांच्या हाताखालून गेलेला होता. भरती-ओहोटीवरचं त्यांचं व्याख्यान ऐकायला इतिहासाची मुलंही मागच्या बाकावर येऊन बसत. फळ्यावर एका झटक्यात पृथ्वीचं वर्तुळ काढायचे, शेजारी चंद्र, आणि मग पाणी कसं फुगतं हे दोन्ही हातांनी दाखवायचे.

मी सगळं सांगितलं.

“चिठ्ठी पडली म्हणतोस?” सरांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली.

“पडलीच असणार, सर. डिंक घरचा होता.”

“हं.” सरांनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाले, “लोमटे, तू समुद्र पाहिलायस का रे?”

मला आश्चर्य वाटलं. इथं माझी नोकरी जायची वेळ आणि हे काय भलतंच! “हो सर. बी.ए.ला असताना सहलीला गेलो होतो.”

“कसा वाटला?”

“चांगला होता, सर. पण शनिवारी काय करायचं?”

“शुद्धिपत्रक तयार ठेव. समुद्राऐवजी नदी वाचावी, एवढंच. बैठकीत वाच, मी सही करतो. विषय संपला.” त्यांनी टरफलं गोळा केली. “म्हणजे, तुला वाचावंसं वाटलं तर.”

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं.

शुक्रवारी सकाळी मी शुद्धिपत्रकाच्या दहा प्रती काढून घेतल्या, आणि जरा हलकं वाटलं. तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात छत्री, खांद्याला पिशवी, साडीच्या काठाला चिखल.

“लोमटे सर आपणच ना? मी सोनकांबळे. कमल सोनकांबळे. बोरजाईच्या महिला महाविद्यालयात भूगोल शिकवते.”

बोरजाई म्हणजे एस.टी.ने साडेतीन तास. तिथल्या भूगोल विभागात या एकट्याच होत्या, आणि विभागाची मालमत्ता म्हणजे एक पृथ्वीगोल, दोन नकाशे आणि पाचसहा सर्वेक्षणाच्या काठ्या, हे मला ऐकून माहीत होतं. मी खुर्ची दिली.

“बसत नाही, सर. बाराची गाडी आहे परतीची. आभार मानायला आले.”

“कशाचे?”

“समुद्राचे.”

मी शुद्धिपत्रकाचा गठ्ठा हळूच जर्नलाखाली सरकवला.

मॅडमनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले आणि टेबलावर एकेक मांडले. पालकांची संमतिपत्रं होती ती. अकरा. काहींवर सह्या होत्या, काहींवर अंगठे.

“तिसऱ्या वर्षाला अकरा मुली आहेत माझ्या. गेली नऊ वर्षं दर वर्षी विचारते, कुठंतरी नेऊ का मुलींना? निदान धरणावर? घरचे नाही म्हणतात. या वेळी पुस्तक घेऊन घरोघरी गेले. म्हटलं, हे बघा, छापलंय. अनिवार्य. गेली नाही तर वीस गुण जातात, मुलगी नापास होते.” त्या हसल्या. “अनुसया केंद्रेचे वडील तर एका मेळाव्यासाठी तिला शेजारच्या गावात पाठवत नव्हते. पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, ‘विद्यापीठानं लिव्हलंय म्हणल्यावर आपण काय बोलावं, मॅडम? न्या पोरीला. पर सांजच्याला फोन करा.’ डिसेंबरात पौर्णिमेला न्यायचं ठरवलंय. एस.टी.ची प्रासंगिक कराराची गाडी बोलून ठेवलीय.”

मी खाकरलो. म्हणालो, “मॅडम, समजा… समजा हा घटक बदलला. म्हणजे ऐच्छिक केला. किंवा नदी केली. तर?”

त्यांचा हात कागदांवर तसाच राहिला.

“बदलणार आहे का?”

“नाही, विचारतोय.”

“सर, मी बी.ए.ला होते तेव्हा आमच्या अभ्यासक्रमात क्षेत्रभेट होती. ऐच्छिक लिहिलं होतं. आमच्या घरी वडिलांनी तो शब्द मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, मग राहू दे की. वर्गातले सगळे मुलगे गेले. आम्ही चौघी मुली मागे राहिलो. परीक्षेत पुळणीची आकृती पाठ करून काढली, दहापैकी नऊ मिळाले.” त्यांनी कागद पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. “मी अजून समुद्र पाहिला नाही. सतरा वर्षं शिकवतेय.”

बाराच्या गाडीला वेळ होता, पण त्या थांबल्या नाहीत. जाताना दारात वळून म्हणाल्या, “ज्यांनी कुणी घातलंय, त्यांना सांगा.” मी हो म्हणालो.

त्या रात्री जेवताना आईने विचारलं, “काय झालंय?” मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, “काही नाही म्हणताना तुझा घास हातातच राहतो.” मग मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नोकरी महत्त्वाची आहे बाबा.” थोड्या वेळाने ताटं उचलता उचलता म्हणाली, “अकरा पोरी म्हणतोस?”

शनिवारी मंडळाच्या बैठकीत सात जण होतो. चहा आला, खारी आली. नळगीरकरांनी खारीला हातही लावला नाही, यावरूनच त्यांची तयारी कळत होती. पान तेवीस उघडून त्यांनी तो परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवला. हशा झाला. एक सदस्य म्हणाले, “आता हिमनदीही घाला एखादी.” पुन्हा हशा. सर अध्यक्षांच्या खुर्चीत मान खाली घालून फाईल चाळत होते. त्यांना माझी लाज वाटत असणार, असं मला वाटलं.

“लोमटे, चूक कशी झाली ते सांगा, शुद्धिपत्रक वाचा, आणि पुढं चला,” नळगीरकर म्हणाले. “चूक कबूल करण्यात काही कमीपणा नाही.”

मी उठलो. शुद्धिपत्रक हातात होतं. दोनच ओळी होत्या, वाचायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी कागद बघितला आणि मला त्यावर अंगठेच दिसायला लागले.

“चूक नाहीये, सर,” मी म्हणालो.

“काय?”

“चूक नाहीये. विचार करून घातलंय.” मी शुद्धिपत्रक घडी करून खिशात ठेवलं. “भरती-ओहोटी आपण सगळे शिकवतो. फळ्यावर चंद्र काढतो, पाणी काढतो. आपल्या भागातल्या किती मुलांनी ते पाहिलंय? मुलींनी तर नाहीच. घरचे पाठवत नाहीत. आपण अनिवार्य लिहिलं तरच पाठवतात. बोरजाईच्या अकरा पालकांनी संमती दिलीय. मी काल कागद पाहिलेत.”

नळगीरकरांनी चष्मा काढला. “आणि काही बरंवाईट झालं तर? पाण्याची गोष्ट आहे. कोण जबाबदार?”

“मी, सर.”

“इतिवृत्तात लिहून घ्या,” ते म्हणाले.

“लिहा,” सर पहिल्यांदाच बोलले. त्यांनी मान वर केली होती. “पण लोमट्यांचं नाव दुसरं लिहा. पहिलं माझं. सही माझी आहे. आणि नळगीरकर म्हणतात त्यातही तथ्य आहे. सगळ्या महाविद्यालयांना पाचशे किलोमीटर जमणार नाही. तेव्हा तिथं ‘समुद्रकिनारा किंवा नदीपात्र’ असं करू. निवड महाविद्यालयाच्या शिक्षकांनी करायची. एकदा निवड झाली की मुलांना ते अनिवार्य. चालेल?”

बहुतेकांना घरी जायची घाई होती. चाललं. नळगीरकरांनीही शेवटी एक खारी उचलली, पण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नोव्हेंबरात भेटू.” नोव्हेंबरात ते भेटले आणि माझं कायम होणं सहा महिने लांबलं. तेवढ्यावर भागलं.

डिसेंबरात पौर्णिमेच्या आदल्या दुपारी बोरजाईहून गाडी निघाली; जबाबदारी घेतली होती म्हणून मीही बरोबर होतो. विद्यापीठाचे निरीक्षक म्हणून सर स्वतः आले. खरं तर असा निरीक्षक पाठवायचा नियम कुठंच नव्हता. सरांनी स्वतःच स्वतःला पत्र काढलं होतं. इस्त्रीची पँट, काळे बूट, गळ्यात मफलर, आणि पिशवीत जाडजूड वही. मुलींनी रात्रभर गाणी म्हटली. सर पहिल्या बाकावर खिडकीशी बसून होते, आणि घाट लागल्यावर दर वळणाला घड्याळ बघत होते.

दापोलीच्या बाजूच्या एका लहान गावात आम्ही उतरलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. सुरूच्या झाडांमधून मुली पळत सुटल्या आणि किनाऱ्यावर येऊन थबकल्या. समोर ओली, करडी, सपाट वाळू पसरली होती. जिकडे बघावं तिकडे वाळूच. पार लांब, डोळे बारीक करून बघावं तेव्हा एक चकाकती रेघ दिसत होती.

“मॅडम, समुद्र कुठंय?” अनुसयाने विचारलं. “इथं तर निस्ती वाळू हाय.”

“आटला का काय?” दुसरी म्हणाली.

सोनकांबळे मॅडम त्या रेघेकडे बघत होत्या. इतकी वर्षं वाट बघून पाहुण्याच्या घरी जावं आणि दाराला कुलूप असावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

सर मात्र खूश होते. इतकं खूश मी त्यांना पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. “अरे, ओहोटी आहे! पूर्ण ओहोटी! पोरींनो, नशीब काढलंत तुम्ही. हा गेलाय, आता येईल. आपण तो येताना बघायचा. काठ्या काढा!”

जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला त्यांनी विचारलं, “पूर्ण भरती किती वाजता, मामा?”

“आज पुनव ना?” कोळी म्हणाला. “तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा.”

सरांनी बोटांवर हिशेब केला, दुसऱ्यांदा केला आणि मग त्या कोळ्याकडे असे बघत राहिले की तो बिचारा अवघडला. “लोमटे, लिहून घे. तिथीची पाऊणपट. एकतीस वर्षं शिकवतोय, हे मला कुणी सांगितलं नाही.”

मुलींनी पाण्याच्या रेषेपासून वरपर्यंत पन्नास-पन्नास पावलांवर काठ्या रोवल्या, प्रत्येकीला नंबर दिला. काठीला पाणी लागलं की वेळ लिहायची. सरांनी बूट काढून तिसऱ्या काठीजवळ नीट जोडीने ठेवले, मोजे त्यांत खोचले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि पहिल्या काठीपाशी जाऊन उभे राहिले.

पाणी आलं. आधी कळतही नव्हतं. एक पातळ चादर पुढे यायची, मागे जायची, आणि मागे जाताना थोडी कमी मागे जायची. “लागलं! एक नंबर, सात दहा!” कुणीतरी ओरडलं. “दोन नंबर, सात अडतीस!” मुली काठ्यांमागे पळत होत्या, वह्या भिजत होत्या. सोनकांबळे मॅडमनी चपला हातात घेतल्या होत्या. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा त्या “अगं बाई” म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि अनुसयाने त्यांचा हात धरला.

मी सरांकडे गेलो. पाणी त्यांच्या गुडघ्यांपाशी आलं होतं. ते वाकले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“खारट आहे,” ते मला म्हणाले. जरा थांबून पुढे म्हणाले, “हजारी पस्तीस भाग. बरोबर आहे.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“सर, तुम्ही… पहिल्यांदाच?”

“राहून गेलं रे.” त्यांची नजर पाण्यावरच होती. “आधी परिस्थिती नव्हती. मग आईचं आजारपण बारा वर्षं. मग इतकं नाव झालं की कुणाला सांगायची सोय राहिली नाही. भरती-ओहोटीवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाने समुद्र पाहिला नाही, हे कुणाला सांगणार?”

एक मोठी लाट आली. आम्ही दोघंही मागे सरलो नाही.

“क्षेत्रभेटीचा हा घटक मी मंडळात तीनदा मांडला,” सर म्हणाले. “तीनदा उडवला लोकांनी. कधी अंतर, कधी मुली, कधी जबाबदारी. या वेळी चौथ्यांदा मांडणार नव्हतो. पण तुझा मसुदा वाचत बसलो होतो, कागद उजेडात धरला, तर नदीच्या खाली मला समुद्र दिसला.”

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे चिठ्ठी पडली नव्हती?”

“मी काढली. आणि छापून येईपर्यंत गप्प बसलो. प्रस्ताव कुणीही उडवतं, लोमटे. छापलेलं काढायला जरा जड जातं.”

“सर! मी पाच महिने मोमीनभाईंशी धड बोललो नाही!”

“त्यांची माफी माग. मीही मागतो. तुझीही मागतो.” त्यांनी खिशातून घडी पडलेला एक लिफाफा काढला. “त्या शनिवारी तू शुद्धिपत्रक वाचलं असतंस, तर हे पत्र मी वाचणार होतो. चिठ्ठी मी काढली, पोराचा दोष नाही, असं लिहिलंय. पण तू उठलास आणि भलतंच बोलायला लागलास. मला मान वर करता येईना. डोळे भरले होते रे, सगळ्यांनी पाहिलं असतं.”

मला रागवायचं होतं. खरंच रागवायचं होतं, आणि त्याऐवजी मी वाकून त्या पाण्यातच त्यांच्या पायांना हात लावला.

“सर, बूट!” मागून अकराही जणी एकदम ओरडल्या. तिसरी काठी केव्हाच पाण्याखाली गेली होती. सरांचा एक बूट तरंगत उत्तरेकडे निघाला होता, दुसऱ्याचा पत्ता नव्हता. अनुसया ओढणी खोचून धावली.

सर तिकडे बघतही नव्हते. “आठ अठ्ठावीसला गेला असेल,” ते म्हणाले. “नोंद करायला सांग.” मग माझ्या खांद्यावर हात टाकून, पुढच्या लाटेकडे बघत त्यांनी सांगितलं, “आणि घरी गेलास की आईला सांग, डिंक एकदम पक्का होता. चिठ्ठी सोडवायला मला दोनदा पाणी लावावं लागलं.”